टाको मसाला घरी करताना: मीठ बरणीत नको, खिम्यात हवे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण तीन मोठे चमचे चिली पावडर, एक मोठा चमचा जिरेपूड, लसूण व कांद्याची पूड, ओरेगॅनो, मीठ आणि कॉर्नस्टार्च एकत्र करून टाको मसाल्याची बरणी भरली. ४५० ग्रॅम खिम्याला त्यातला दोन मोठे चमचे मसाला पाण्याबरोबर घातला. खिमा तिखटजाळ झाला, मागून कडवट आणि कच्चा लागला, बाजारच्या पाकिटाने येतो तसा चकचकीत रस खिम्याला धरला नाही आणि महिनाभरात बरणीतल्या मसाल्याचा गठ्ठा झाला. मी बरीच वर्षे टेक्स-मेक्स, म्हणजे टेक्सासमध्ये घडलेल्या मेक्सिकन धाटणीच्या, व्यावसायिक स्वयंपाकघरांत काम केले आहे आणि या सर्व तक्रारी मी आधी स्वतःच्या हातून घडवून मगच सुधारल्या आहेत. त्यामुळे केवळ नवे प्रमाण सांगून थांबत नाही, कोणती तक्रार कशामुळे उद्भवली तेही सांगतो.

तिखटपणाचे कारण ‘चिली पावडर’ या दोन शब्दांत आहे. अमेरिकन पाककृतीत चिली पावडर म्हणजे नुसती मिरचीची पूड नव्हे. ते सौम्य वाळक्या मिरच्या, जिरे, ओरेगॅनो आणि लसूण यांचे तयार मिश्रण असते, आणि पुष्कळदा त्यात मीठही असते. आपण तिच्या जागी शुद्ध लाल तिखट घातले असावे, असे आपल्या वर्णनावरून स्पष्ट दिसते. हा फरक किरकोळ नाही. टाको मसाल्याचा पाया असलेली आंचो मिरची तिखटपणा मोजणाऱ्या स्कोव्हिल मापावर साधारण १,००० ते २,००० एकक भरते, तर केयेन मिरची ३०,००० ते ५०,००० एकक. म्हणजे तीन चमचे चिली पावडरच्या जागी तीन चमचे जहाल तिखट घालणे ही अदलाबदल नसून वीस-तीस पटींची वाढ आहे. त्यावर तिखट कमी करणे हा मात्र उपाय नव्हे. तिखट कमी केल्यावर मसाल्यात जिरे आणि मीठ एवढेच उरते आणि खिमा पोकळ लागतो. या मसाल्यात मिरची तिखटपणासाठी नसते. तिच्या गरासाठी, रंगासाठी आणि मनुकांसारख्या गोडसर चवीसाठी असते. वजनाने निम्म्याहून अधिक मसाला सौम्य मिरचीचाच हवा, आणि जहाल मिरची त्यात चिमटीने यावी.

हे मिश्रण मुळात टेक्सासचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियो शहराच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया संध्याकाळी चुली मांडून मिरचीत शिजवलेले मांस विकत असत. ‘चिली क्वीन्स’ या नावाने त्या ओळखल्या जात. त्याच टापूतील न्यू ब्राउनफेल्स गावी उपाहारगृह चालवणाऱ्या विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने वाळक्या मिरच्या दळून त्यात जिरे आणि ओरेगॅनो मिसळलेली पूड बाटलीत भरली आणि १८९६ मध्ये ‘ईगल’ हे नाव नोंदवून ती विकायला सुरुवात केली. मिरचीचा हंगाम संपल्यावरही तीच चव वर्षभर मिळावी, हा त्याचा हेतू होता. पुढे कॅलिफोर्नियातील उपाहारगृहांत तळून कडक केलेल्या तोर्तिलात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत, बीफचा खिमा भरून टाको करण्याची पद्धत रुजली, आणि त्या खिम्यासाठी याच पुडीत मीठ, स्टार्च व थोडी साखर घालून पाकिटे निघाली. हा तपशील सांगण्याचे कारण असे की टाको मसाला म्हणजे ‘मेक्सिकन मसाला’ असे समजून तो मेक्सिकोच्या प्रत्येक पदार्थात घातला जातो, आणि तो तिथे बसत नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

आता पाकिटाकडे पाहू. नेहमीचे पाकीट सुमारे २८ ग्रॅमचे असते आणि ते एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, खिम्यासाठी असते. त्यात मिरची आणि जिऱ्याखेरीज मीठ, साखर, कॉर्नस्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आणि मसाला मोकळा राहावा म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड असे घटक सर्रास आढळतात. पाकीट एका वेळी पूर्ण वापरायचे असते, म्हणून हे सारे एकत्र असले तरी बिघडत नाही. घरची बरणी मात्र चमच्या-चमच्याने महिनोन्‌महिने वापरली जाते, आणि पाकिटाची कृती बरणीला जशीच्या तशी लावली की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण मिठाची. मिठाचे दाणे जड आणि घट्ट असतात. मिरचीची पूड हलकी आणि पापुद्र्यासारखी असते. बरणी हलवली, ठेवली, पुन्हा उचलली की मीठ हळूहळू खाली उतरते. एका स्वयंपाकघरात मी एकदा आठवड्याचा मसाला मीठ घालूनच मोठ्या डब्यात करून ठेवला होता. सोमवारचा खिमा अळणी म्हणून परत आला आणि शनिवारचा इतका खारट झाला की तो टाकून द्यावा लागला. प्रमाण सहाही दिवस तेच होते. दुसरी अडचण अशी की मीठ बरणीत असेल तर मसाल्याचे प्रमाण मिठाला जखडले जाते. मसाला थोडा अधिक हवा असेल तर मीठही अधिक जाते, आणि आधीच खारट असलेल्या चीजवर किंवा डब्यातल्या शिजलेल्या बीन्सवर तो भुरभुरता येत नाही. त्यातच पाकिटबंद लसूण-कांद्याची पूड स्वतःच हवेतला ओलावा ओढून घेते, मीठही ओढते, आणि सोबत स्टार्च असला की त्याची चिक्की होते; आपला गठ्ठा तसाच झाला आहे. म्हणून माझा नियम असा आहे की बरणीत फक्त सुगंधी द्रव्ये भरावीत, मीठ खिम्याच्या वजनावर मोजावे आणि दाटपणा आणणारे पीठ कढईत घालावे.

सुमारे १०० ग्रॅम मसाल्यासाठी मी आंचो मिरचीची पूड ४० ग्रॅम, ग्वाहियो मिरचीची पूड १५ ग्रॅम, जिरे १८ ग्रॅम, दाणेदार लसूण पूड ८ ग्रॅम, दाणेदार कांदा पूड ८ ग्रॅम, मेक्सिकन ओरेगॅनो ५ ग्रॅम, काळी मिरी ३ ग्रॅम आणि केयेन २ ग्रॅम घेतो. बेरीज ९९ भरते. उरलेला ग्रॅम कधी साखर नसलेल्या कोकोचा असतो, कधी नसतो, आणि त्यावाचून काही अडत नाही. चमच्यांऐवजी ग्रॅम वापरण्याचा आग्रह मी धरतो, कारण बारीक दळलेली मिरची चमच्यात दाबून भरली आणि सैल भरली तर वजनात सहज तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा या कामाला पुरतो.

सगळे श्रम आणि सगळा फायदा मिरच्यांत आहे. आंचो म्हणजे पूर्ण पिकवून वाळवलेली पोब्लानो मिरची; रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळपट. ग्वाहियो ही मिरासोल मिरचीची वाळवलेली अवस्था; लांब, गुळगुळीत, लालबुंद, थोडी आंबटसर. आंचो गोडवा आणि वजन देते, ग्वाहियो रंग आणि धार देते. चांगली आंचो हाताला चामड्यासारखी लवचीक लागते. विकत घेतानाच ती कडकड मोडत असेल तर ती जुनी आहे, असे समजावे. देठ काढावेत, मिरची उभी चिरून बिया झटकाव्यात आणि आतल्या पांढऱ्या शिरा हव्या तेवढ्याच ठेवाव्यात. तिखटपणा मुख्यतः त्या शिरांत असतो, बियांत नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसते. बिया काढायच्या त्या कडवट आणि कचकचीत लागतात म्हणून.

त्यानंतर मिरच्या मध्यम आचेवरच्या जाड तव्यावर उलथन्याने दाबून एकेका बाजूने दहा-पंधरा सेकंद भाजाव्यात. साल किंचित फुगते, रंग जरासा उजळतो आणि सुका मेवा भाजल्यासारखा वास येतो. तेवढ्यावरच मिरची उतरवायची. धूर दिसला म्हणजे उशीर झालेला आहे. मिरचीत साखर बरीच असते, ती करपते आणि तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही. जराशी करपलेलीही मिरची टाकून द्यावी, कारण एका मिरचीमुळे पूर्ण बरणी कडू होते. भाजलेल्या मिरच्या गरम असताना मऊ असतात. त्या पूर्ण गार झाल्यावर खुटखुटीत होतात आणि मगच दळता येतात. गार होऊनही त्या वाकत असतील तर सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून सुकवाव्यात. दळताना खिडकी उघडी ठेवावी, आणि भांड्याचे झाकण लगेच न उघडता पूड दोन मिनिटे खाली बसू द्यावी, नाहीतर घरभर ठसका लागतो. पूड चाळून घ्यावी. चाळणीत उरलेले सालीचे तुकडे पुन्हा दळावेत. तोंडात कचकच येते ती त्या तुकड्यांमुळे.

जिरे अख्खे घेऊन, वेगळे आणि मंद आचेवर भाजावे. मिरचीबरोबर भाजले तर एक कच्चे राहते किंवा दुसरे करपते. आपल्या कृतीत मिरचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके जिरे आहे आणि ते प्रमाण योग्य आहे. काही कृतींत दोन्ही समसमान असतात, त्या मला पटत नाहीत. जिऱ्यातील क्युमिनाल्डिहाइडचा उग्र वास फार झाला की घामट वाटू लागतो आणि आंचोचा गोडवा हरवतो. ओरेगॅनोबाबत नावाने फसगत होते. मेक्सिकन ओरेगॅनो, म्हणजे लिपिया ग्रॅव्हिओलेन्स, ही वनस्पती व्हर्बिना कुळातली आहे, तर भूमध्य सागराकाठचा ओरेगॅनो पुदिन्याच्या कुळातला. कार्व्हाक्रोल आणि थायमॉल ही सुगंधी द्रव्ये दोघांत असल्याने वास जवळचा वाटतो, पण मेक्सिकन ओरेगॅनोत लिंबाच्या सालीसारखी एक छटा असते आणि ती मिरचीला फार शोभते. तो न मिळाल्यास भूमध्य ओरेगॅनो ३ ग्रॅमच घ्यावा, कारण त्याचा वास मसाल्यावर लवकर कुरघोडी करतो. दोन्हींपैकी कोणताही दळू नये. तळहातावर चुरून मिसळावा. लसूण आणि कांद्याची अगदी बारीक पूड घेण्याऐवजी दाणेदार पूड घेतल्यास गठ्ठा बराच कमी होतो.

अख्ख्या मेक्सिकन मिरच्या मिळत नसतील तर आंचो आणि ग्वाहियोच्या एकूण ५५ ग्रॅमच्या जागी गोड पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) ४५ ग्रॅम, धुरावलेली पॅप्रिका ८ ग्रॅम आणि कोको २ ग्रॅम घ्यावा. ही चव मूळ चव नव्हे. पॅप्रिकाचा रंग सुरेख येतो, पण गाभा पातळ असतो, आणि कोकोची चिमूट तो थोडा भरून काढते. धुरावलेली पॅप्रिका याहून वाढवू नये, कारण मग खिमा मसाल्याऐवजी धुराचाच लागतो. खरी अमेरिकन चिली पावडर हाताशी असेल तर ती ५५ ग्रॅम घेऊन जिरे निम्मे आणि ओरेगॅनो २ ग्रॅम करावे, आणि बाटलीवर मिठाचा उल्लेख असल्यास पुढे मीठ कमी घ्यावे.

आता कढईकडे वळू. ४५० ग्रॅम खिम्याला १५ ग्रॅम मसाला, ६ ग्रॅम बारीक मीठ आणि ७ ग्रॅम मासा आरिना हे मक्याचे पीठ लागते. मसाला सुमारे दोन मोठे सपाट चमचे भरतो आणि मीठ एक छोटा चमचा. तिन्हींची बेरीज २८ ग्रॅम, म्हणजे पाकिटाचेच वजन. फक्त त्यात काय किती जाते ते आता आपल्या हातात आहे.

आपला खिमा कच्चा लागला, कारण मसाला पाण्याबरोबर गेला. मिरचीचा रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये, तिखटपणा देणारे कॅप्सायसिन आणि जिऱ्याचे सुगंधी तेल हे सारे चरबीत विरघळते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात सोडलेला मसाला केवळ भिजतो. भिजलेल्या पुडीचा दाणा जिभेवर तसाच लागतो आणि रस लालसर चिखलासारखा दिसतो. तोच मसाला आधी चरबीत परतला की चरबी लाल होते, आणि ती खिम्याच्या प्रत्येक कणाला लागल्यावर चव सगळीकडे पोहोचते. या एका सुधारणेने आपल्या आत्ताच्या मसाल्यातही बराच फरक पडला असता.

खिमा फार सुका नसावा. ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी हे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. रुंद आणि चांगल्या तापलेल्या कढईत खिमा पसरून तीन-चार मिनिटे अजिबात हलवू नये. खालची बाजू खरपूस तपकिरी झाल्यावर उलटून मोडावा आणि त्याच वेळी मीठ घालावे. कच्च्या खिम्यात आधीच मीठ मळले तर मांसातली प्रथिने सुटून एकमेकांना चिकटतात आणि खिमा मोकळा न होता रबरी होतो, म्हणून मीठ कढईतच. सुरुवातीला पाणी सुटते. ते आटून चरबीच्या तडतडण्याचा बारीक आवाज येईपर्यंत थांबावे. पाण्याचा खदखदणारा आवाज आणि चरबीचा तडतडणारा आवाज यांतला फरक कानाला कळू लागला की घड्याळाची गरज उरत नाही. चरबी फार असेल तर दोन मोठे चमचे ठेवून बाकीची काढावी. खिमा एका बाजूला सारून, आच मंद करून, मोकळ्या झालेल्या चरबीत मसाला घालावा आणि तीस-चाळीस सेकंद परतावा. वास कच्च्या मिरचीवरून खमंगाकडे वळतो आणि कडेने लाल तेल सुटू लागते. इथे एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट घालून आणखी मिनिटभर परतल्यास आंबटगोड खोली येते. पेस्टमध्ये पाणी असल्याने मसाला करपण्यापासूनही वाचतो.

त्यानंतर मासा आरिना भुरभुरून सगळे एकत्र करावे आणि १५० ते १८० मिलिलिटर पाणी किंवा स्टॉक घालावा. मासा आरिना म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचे पीठ. तोर्तिला ज्याची करतात तेच. त्याने रस दाटतो आणि खिम्याला तोर्तिलाचाच सुवास येतो. कॉर्नस्टार्चही चालतो, पण तो निम्माच घ्यावा आणि थंड पाण्यात कालवून घालावा, नाहीतर गुठळ्या होतात. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगून दाट होतो, म्हणून रसाला एकदा नीट उकळी यायलाच हवी. ती आल्यावर मंद आचेवर सहा ते आठ मिनिटे ठेवले की पाणी आणि चरबी एकजीव होऊन तो चकचकीत लेप खिम्याला धरतो. आपल्याला तो मिळाला नाही, कारण स्टार्च बरणीतच गठ्ठा होऊन बसला होता आणि चमच्यात तो किती आला याचा काही भरवसा नव्हता. शेवटी आच बंद करून अर्ध्या लाइमचा रस घालावा. खिमा चांगला असूनही मंद वाटत असेल तर दहापैकी आठ वेळा उणीव मिठाची नसून आंबटपणाची असते. पूर्ण शिजल्याची खात्री हवी असेल तर खिम्याचे आतले तापमान ७१ अंश सेल्सिअस गाठले पाहिजे. एवढ्या उकळीत ते सहजच गाठले जाते.

आपल्याकडे आज जी बरणी आहे ती टाकण्याची गरज नाही, जर तिचा कडूपणा मिरची करपल्यामुळे आलेला नसेल. चिमूटभर मसाला गरम तेलात परतून पाहावा. तरीही कडू लागला तर ती बरणी गेली. केवळ जहाल असेल तर त्या मसाल्यातला एक भाग गोड पॅप्रिकाच्या चार भागांत मिसळावा आणि थोडी जिरेपूड व ओरेगॅनो वाढवावे; मीठही त्या प्रमाणात पातळ होते, तेव्हा कढईत वेगळे मोजून घालावे. गठ्ठा मोडून चाळताना ओलसर किंवा कुबट वास आला, तर मात्र तो मसाला वापरू नये.

मीठविरहित मसाल्याचा खरा उपयोग खिम्यापलीकडे कळतो. कोंबडीच्या मांडीच्या ५०० ग्रॅम तुकड्यांना ६ ग्रॅम मीठ आधी तासभर लावून ठेवावे आणि १२ ग्रॅम मसाला तेलात कालवून शिजवायच्या आधी चोळावा. कोरडा मसाला तापलेल्या तव्यावर थेट पडला की करपतो, तेलात कालवलेला कमी करपतो. आच मध्यम ठेवून मांस ७४ अंशांपर्यंत शिजवावे. मशरूमना स्वतःची चरबी नसते, तेव्हा त्यांचे पाणी आटून कडा तपकिरी झाल्यावर दोन मोठे चमचे तेल नव्याने घालून त्यात मसाला परतावा. बटाटे ओव्हनमध्ये भाजताना मसाला शेवटच्या पाच मिनिटांतच घालावा. काळ्या किंवा पिंटो बीन्स भिजवताना पाण्यात मीठ घातले तर साल मऊ होण्यास मदतच होते, पण टोमॅटो किंवा लाइमसारखा आंबट पदार्थ दाणा पूर्ण शिजल्यावरच घालावा, कारण आंबटपणामुळे दाणा कडक राहतो. २५० ग्रॅम सुक्या बीन्ससाठी १० ग्रॅम मसाला कांद्याबरोबर तेलात परतून शिजलेल्या बीन्समध्ये सोडावा आणि पंधरा मिनिटे मुरू द्यावा.

सावर क्रीममध्ये कोरडा मसाला थेट ढवळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. मला ती दोन कारणांनी आवडत नाही. चव कच्ची राहते, हे एक. शिवाय कोरड्या मसाल्यांत अपायकारक जिवाणू असू शकतात आणि गार पदार्थात ते मरण्याची काही सोय नसते. ५ ग्रॅम मसाला दोन छोटे चमचे तेलात मंद आचेवर चांगला परतून, पूर्ण गार करून २०० ग्रॅम क्रीममध्ये मिसळावा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. रंगही देखणा येतो. हे मिश्रण फ्रिजमध्येच ठेवावे आणि एक-दोन दिवसांत संपवावे.

मेक्सिकोच्या टाकोंमध्ये मात्र हा मसाला हात राखून वापरावा. मिचोआकान प्रांतातील कार्नितास हे डुकराचे मांस त्याच्याच चरबीत मंद शिजवून होते आणि त्याची शान मांसाच्या चवीत असते; जिरे तिथे आगंतुक ठरते. लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या उभ्या सळईवर मांस भाजण्याच्या पद्धतीतून आलेल्या अल पास्तोर या टाकोला आचिओते (लाल रंग देणाऱ्या बिया) आणि वाळक्या मिरच्यांचे स्वतःचे वाटण असते. बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे तळलेल्या माशाचे टाको कोबी, साल्सा आणि लाइमवर उभे असतात. माशाला हा मसाला लावायचाच असेल तर वजनाच्या एक-दीड टक्क्याहून अधिक नको. टेक्सासच्या खिम्यासाठी जन्मलेल्या मसाल्याला खिमा, बीन्स, बटाटा आणि कोंबडी एवढे क्षेत्र पुरेसे मोठे आहे.

साठवणीबद्दल थोडेच सांगायचे आहे. १०० ग्रॅमची बरणी ४५० ग्रॅम खिम्याच्या सहा-सात खेपांना पुरते, म्हणून त्याहून मोठी खेप करू नये. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेड आणि चुलीची धग यांपासून दूर ठेवल्यास मसाला चार ते सहा महिने उत्तम राहतो. त्यानंतर तो बिघडत नाही, पण आधी ओरेगॅनोचा, मग जिऱ्याचा आणि शेवटी मिरचीचा वास जातो आणि रंग विटकरी होऊ लागतो. वाफाळत्या कढईवर बरणी उपडी करून मसाला भुरभुरू नये. दोन-तीन वेळच्या वाफेनेच गठ्ठ्याची सुरुवात होते. कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्यावा. अख्ख्या मिरच्यांत आणि पॅप्रिकात बारीक तपकिरी भुंगेरे पडतात, तेव्हा मिरच्या आणल्या की हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवाव्यात, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात, म्हणजे त्यांच्यावर दव धरत नाही.

मसाला भेट देणार असाल तर बरणीवर घटक, तारीख आणि ‘मीठ नाही’ या तीन गोष्टी जरूर लिहाव्यात. २०१४ अखेरपासून २०१५ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत जिरेपुडीत लेबलवर न सांगितलेले शेंगदाण्याचे अंश आढळल्यामुळे ती पूड असलेली अनेक उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली होती. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी करताना मी तेव्हापासून जिरे अख्खेच आणतो, निवडतो आणि स्वतः दळतो.